रुमालातले कागद

मराठी दप्तरखान्यात कागद मोजण्याचे माप 'रुमाल' हे आहे. जाड सुती कापडाचा चौकोन पसरायचा, मध्ये कागदांची चळत ठेवायची, चारही टोके वर घेऊन गाठ मारायची, की झाला रुमाल. एकेका रुमालात शेकडो सुटे कागद बांधलेले असतात. पुण्याच्या पुरालेखागारात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत आणि त्यांतल्या कागदांची गणती कोटींत होते. बहुतेक मजकूर मोडी लिपीतला आहे. या साठ्याला सर्रास 'पेशवे दप्तर' म्हणतात, पण त्यात सातारच्या शाहू महाराजांच्या कारभाराचे, आंग्र्यांचे आणि पुढे इंग्रजी अमलात गोळा झालेले कागदही आहेत. अठराव्या शतकातल्या भारताविषयी देशी भाषेतला इतका मोठा सलग साठा क्वचितच कुठे असेल.

हे कागद इतिहास लिहिण्यासाठी कोणी लिहिले नव्हते. ते राज्य चालवण्याचे हत्यार होते. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात रोजचा जमाखर्च, हुकूम, नेमणुका, इनामे, दंड, दक्षिणा, तोफखान्याचा खर्च, घोड्यांच्या पागा असे सगळे तारीखवार उतरत असे. ही रोजची नोंद म्हणजे रोजकीर्द. रोजकीर्दीतल्या नोंदी पुढे खातेवार वेगळ्या काढल्या जात, त्या लेखनाला घडणी म्हणत. महालांच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा अंदाज वर्षारंभी बांधला जाई, तो अजमास. पत्रव्यवहार चिटणिशीत राही. म्हणजे एकच व्यवहार दोन-तीन ठिकाणी नोंदलेला असे आणि एका नोंदीवरून दुसरी तपासता येई. नाना फडणिसांच्या काळात या लिखापढीची शिस्त कडक होती. १८०० मध्ये नाना वारले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराकडे दुर्लक्ष झाले. कागद हलले, काही बाहेर गेले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा हे ढिगारे इंग्रजांच्या ताब्यात आले. दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दप्तराची व्यवस्था कॅप्टन मॅक्लिऑड यांच्याकडे सोपवली. या काळजीमागे पुरातनाचे प्रेम नव्हते. नव्या सरकारपुढे रोकडा प्रश्न होता: कोणत्या गावाचा महसूल सरकारचा आणि कोणता इनामदाराचा? पेशव्यांनी, त्यांच्याआधी छत्रपतींनी आणि त्याही आधी बादशहांनी दिलेली हजारो इनामे दख्खनभर पसरली होती. सनद दाखवणाऱ्याची सनद खरी की बनावट, हे पाहायला दप्तराशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि चौकशी गावोगाव पोचली. अनेक घराण्यांची इनामे तिने बुडवली, तो रोष मोठा होता. पण त्याच चौकशीमुळे पेशव्यांचे जमाखर्च जपले गेले, हेही तितकेच खरे. ज्या इमारतीत ते ठेवले गेले तिचे नावही 'एलिएनेशन ऑफिस' पडले. महसूल ज्यांवरून सरकारने सोडून दिला आहे, अशा जमिनींचे ते कचेरीतले नाव.

कागद टिकतो तो कोणाला तरी त्याची गरज असते म्हणून. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांवरून नजर फिरवली की याची प्रचीती जागोजाग येते. शिवकाळाचे मध्यवर्ती राजदप्तर आज अस्तित्वात नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजधानीबरोबर तिथले कागदही गेले. त्यामुळे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीविषयी अस्सल मराठी कागद जे मिळतात ते बहुतेक देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांच्या घरांतून आणि देवस्थानांतून. ही घराणी कागद जपत होती, कारण वतनाचा तंटा कधी उभा राहील याचा नेम नव्हता. भाऊबंदकीत किंवा शेजारच्या दावेदारापुढे बाजू मांडायची तर आजोबांच्या वेळचा महजर, निवाडपत्र किंवा कौलनामा हाताशी लागे. घराण्याची हकीकत सांगणारा 'करीना' तयार होई तोही याच कामासाठी.

अशाच एका घरातून आलेल्या कागदाने शिवजन्माची तारीख बदलली. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल सर्वत्र मानले जाई. ते प्रामुख्याने उत्तरकालीन बखरींवर आधारलेले होते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. घटना सालवार टिपलेली ही छोटी जंत्री लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. तिच्यात शिवजन्म शके १५५१ फाल्गुन वद्य ३ असा दिला होता, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका घरच्या टिपणावर कोण विश्वास ठेवणार, असा प्रश्न साहजिक होता. पण पुढे दूरवरून पुरावे येत गेले. परमानंद कवीचे 'शिवभारत' हे समकालीन संस्कृत काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहात सापडले. स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यातली तिथी हीच निघाली. राजस्थानात, जोधपूरकडच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात शिवाजी महाराजांची कुंडली मिळाली, तिचाही मेळ याच तिथीशी बसला. मावळातले वतनदार, कावेरीकाठचे राजग्रंथालय आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांना विचारून नोंदी केलेल्या नव्हत्या. त्यांचे एकमत झाले म्हणूनच त्या नोंदींना वजन आले. महाराष्ट्र सरकारने ही तारीख अधिकृतपणे स्वीकारायला मात्र अनेक दशके जावी लागली.

घरोघरचे कागद बाहेर काढण्याचे काम सरकारने नाही, खाजगी माणसांनी सुरू केले. सरकारी दप्तर अनेक दशके अभ्यासकांना मोकळे नव्हते, हेही त्यामागचे एक कारण. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढले, त्यात बखरी आणि पत्रे छापली जाऊ लागली. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांचे दप्तर वाचत बसले आणि त्यातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडाखंडाने उभा राहिला. साताऱ्यात दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनी चित्रे, नकाशे आणि पत्रे जमवली. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर त्यांच्याच संग्रहातून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. तो पानिपतच्या सुमाराच्या पत्रांचा होता. मालेचे एकूण २२ खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. एखाद्या घरात वारस नाही, माळा गळतो आहे, कागदांना वाळवी लागली आहे, अशा वेळी कागद सोपवायला एक विश्वासाची जागा त्यामुळे झाली. राजवाड्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तिथेच उभे राहिले.

सरकारी दप्तराचे दार हळूहळू किलकिले झाले. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून वेचलेले उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुस्तकरूपाने येऊ लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या उताऱ्यांचे महत्त्व आधीच ओळखले होते. लढाया आणि तह यांच्या पलीकडचा समाज या रोजनिशांत दिसतो, हे त्यांनी मांडले. दुष्काळात दिलेली सूट, दिव्य करून लावलेला निकाल, विकल्या गेलेल्या कुणबिणी, मजुरी, टाकसाळी, श्रावणातला रमणा आणि दक्षिणा, असे सगळे तिथे होते. खरे मोठे काम मात्र १९३० ते १९३४ या काळात झाले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई साठी ओलांडल्यावर या दप्तरात उतरले. इतिहासकार यदुनाथ सरकारांचा त्यांना पाठिंबा होता. मदतनिसांसह रुमाल सोडून, कागद चाळून त्यांनी 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' ४५ खंडांत छापले. चार-पाच वर्षांत ४५ खंड, हा वेग आजही थक्क करतो. त्याची किंमतही आहे. निवड बव्हंशी राजकारणाच्या पत्रांची झाली. जमाखर्चाचे रुमाल, ज्यांत शेतकरी, कारागीर आणि बाजार आहेत, ते मोठ्या प्रमाणावर बांधलेलेच राहिले. छापील खंड म्हणजेच पेशवे दप्तर असा समज पुढच्या काही पिढ्यांत पसरला. तो फार चुकीचा आहे.

असा कागद उघडल्यावर वाचक आधी अडतो लिपीशी. मोडीत बोरू शक्यतो न उचलता ओळ पुढे जाते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. वर आडवी रेघ आधी ओढून घेतलेली असते आणि अक्षरे तिला टांगल्यासारखी खाली उतरतात. शब्दांचे संक्षेप तर पदोपदी. राजश्रीचा 'रा', मोकदमाचा 'मो', पैकीचा 'पो' हे ज्याला सवयीचे झाले त्यालाच ओळ लागते. म्हणून मोडी वाचणारे कागद 'वाचला' यापेक्षा कागद 'लागला' असे म्हणतात.

मग येते तारीख. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तो आकड्यांऐवजी अरबी संख्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' याचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतीचा आणि महसुलाचा हंगाम त्यात नीट बसे. त्यात ५९९ मिळवले की त्या वर्षी मृगाला चालू असलेले इसवी साल मिळते, इथे १७६०. जानेवारीतली घटना असेल तर पुढचे साल धरावे लागते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून तीही याच ११६१ मध्ये पडते. महिना आणि दिवस पुष्कळदा मुसलमानी चांद्रमासाचा असतो, 'छ' या खुणेपुढे चंद्र आणि मग रमजान किंवा जिल्काद. ज्यावर साल नाही, फक्त चंद्र आणि महिना आहे, अशा पत्राचे साल ठरवायला मजकुरातल्या माणसांचा आणि मुक्कामांचा आधार घ्यावा लागतो. साल चुकले की सगळा अर्थ उलटतो. जुन्या छापील संग्रहांतली अनेक भांडणे मुळात एवढ्यावरूनच झालेली आहेत.

कागद अस्सल की नक्कल, हे पाहण्याच्या खुणा कागदावरच असतात. मजकूर लांबला की एका बंदाला दुसरा बंद डिंकाने किंवा खळीने जोडत. मधला बंद कोणी काढून दुसरा घालू नये म्हणून जोडावर मागून शिक्का उमटवत. आरंभी मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढवता येणार नाही. निरनिराळ्या दर्जाच्या माणसाला निरनिराळा मायना असे आणि त्यात चूक झाली तर कागदाविषयी शंका येई. बनावट सनदा पकडल्या गेल्या त्या बहुधा अशाच बारकाव्यांवरून.

महजर हा प्रकार यांत विशेष जिवंत आहे. वतनाचा वाद गोतासमोर, म्हणजे गावच्या आणि परगण्याच्या मंडळींसमोर चाले आणि निकालावर सगळ्या हजर लोकांची साक्ष पडे. लिहिता येणारे नाव लिहीत. इतर जण आपल्या कामाची खूण काढत किंवा काढवून घेत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार अशी छोटी चित्रे ओळीने उभी असतात. मराठी दप्तरांत निरक्षर माणसाने स्वतःची म्हणून सोडलेली खूण बहुधा एवढीच. बाकी सारे लेखनिकांच्या हातचे आहे आणि लेखनिक होते ब्राह्मण किंवा प्रभू. कुणबीण, महार, कोळी हे रोजकीर्दीत येतात ते दंड, खरेदी किंवा कामगिरीच्या निमित्ताने, दुसऱ्याच्या शब्दांत. स्त्रियांची पत्रे आहेत, आणि गोपिकाबाई वा अहिल्याबाई होळकर यांची पत्रे तर कारभारात मुरलेल्या व्यक्तींची आहेत, पण त्या राजघराण्यांतल्या होत्या. दप्तर कितीही मोठे असले तरी त्यातल्या या रिकाम्या जागा वाचकाने ध्यानात ठेवाव्या लागतात.

टिकाऊपणाच्या बाबतीत मराठी कागदाचे नशीब चांगले. जुन्नर, दौलताबाद यांसारख्या ठिकाणचा हातकागद चिंध्या आणि तागासारख्या धाग्यांपासून बनत असे. त्यात आम्ल कमी, म्हणून तो दोन-तीनशे वर्षांनीही मऊ राहतो. शाई काजळीची. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन असल्याने उन्हाने किंवा काळाने ती फिकी होत नाही; फक्त पाणी लागले की पसरते. इंग्रजी कागदांवरची लोह आणि मायफळाची शाई उलट वागते. ती पाण्याला टिकते, पण तिच्यातले आम्ल हळूहळू कागद जाळते आणि अक्षरांच्या जागी भोके पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आला, तो तर शंभर वर्षांतच तांबूस होऊन दुमडताच मोडतो. त्यामुळे १७६० चे पत्र शाबूत आणि १९१० ची फाईल भुगा, हे दृश्य अभिलेखागारात नेहमीचे आहे.

शत्रू म्हणजे कसर, वाळवी, दमट हवा आणि छपरातली गळती. पूर्वी रुमालात वेखंड, कडुनिंबाची पाने, कापूर घालत. आता कागद आधी झाडून स्वच्छ करतात, गरज असेल तर त्यातले आम्ल काढतात आणि फाटका भाग पातळ टिश्यू कागदाने किंवा शिफॉनच्या कापडाने खळ लावून सांधतात. चिकटपट्टी लावणे हा सर्वांत मोठा अपराध. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. दुरुस्ती अशी हवी की उद्या ती सोडवता आली पाहिजे.

छायाचित्रांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये निघाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळच्या छापांवर अंड्याच्या पांढऱ्याचा थर आणि त्यात चांदीचे क्षार असत. उजेडाने आणि दमटपणाने हे छाप पिवळे पडतात. काचेच्या निगेटिव्ह फुटतात, थर सुटतो. नायट्रेट फिल्म तर आपोआप पेट घेऊ शकते. २००३ मध्ये पुण्यात अशा जुन्या फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या अनेक मूळ प्रती गेल्या. तरी छायाचित्राचे सर्वांत मोठे नुकसान आगीने होत नाही, नाव नसल्याने होते. पत्र निदान आपण कोणाचे हे सांगते. भिंतीवरून उतरवलेल्या फोटोतला पगडीवाला गृहस्थ कोण, हे सांगणारी शेवटची व्यक्ती गेली की तो कायमचा अनोळखी झाला. म्हणून संग्रहालयात फोटो आला की मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहिणे हे पहिले काम. पेनने नव्हे, शाई पुढे झिरपते.

मराठ्यांच्या कागदांचा शोध महाराष्ट्रात संपत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (१७७७–१८३२) जमवलेली हस्तलिखिते आहेत आणि भोसल्यांच्या राज्यकारभाराचे मोडी कागदही. कावेरीच्या खोऱ्यात बसलेले कारकून तिथल्या देवळांचा, दवाखान्याचा, नाटकशाळेचा हिशेब मराठीत लिहीत होते. पणजीचे अभिलेखागारही जुने. १५९५ मध्ये दियोगु द कोतु या इतिहासकाराकडे गोव्याच्या दप्तराचा भार सोपवला गेला, तिथून त्याची परंपरा धरतात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्या पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांची दुसरी बाजू उलगडली. लिस्बनला गेलेली पत्रे आणि मराठ्यांकडून आलेली पत्रे त्यांनी शेजारी ठेवून वाचली. मुंबईत कागदपत्र कचेरी १८२१ मध्ये सुरू झाली आणि तिचा वारसा आजच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखाकडे आहे. माळव्यातल्या सीतामऊच्या रघुबीर ग्रंथालयात कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे मराठी दप्तर गेले, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरतेच्या वखारीतून गेलेली शिवकालीन पत्रे आहेत.

इतक्या ठिकाणी विखुरलेले कागद वाचणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते: कागद कोणत्या शेजारातून आला, हे कळायला हवे. अभिलेखशास्त्रात मूळ क्रम मोडू नये हा पहिला नियम मानतात. एका रुमालात पत्रामागोमाग त्याचा जबाब, मग त्या कामाचा जमाखर्च असेल, तर तिघे मिळून एक प्रसंग उभा करतात. तेच पत्र बाजारात सुटे विकले गेले, चौकटीत बसले, तर शिक्का आणि अक्षर दिसते, प्रसंग हरवतो. जुन्या संशोधकांनी विषयवार पुडकी बांधली तिथेही हे नुकसान झाले आहे, हेतू चांगला असूनही.

संगणकीकरणातही हाच नियम कसोटीला लागतो. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर मोडीतच टंकित करता येतो. यंत्राने मोडी हस्ताक्षर वाचावे यासाठी प्रयोग चालू आहेत. शब्दांमधली मोकळी जागा नसणे आणि दर लेखनिकाचे वळण निराळे असणे ही त्यांतली मोठी अडचण. तोवर वाचन माणसांनीच करायचे आहे, आणि त्यासाठी मोडीचे वर्ग पुण्यामुंबईत आणि इतरत्र चालतात. पानाचे छायाचित्र घेताना दप्तराचे नाव, रुमालाचा क्रमांक, पुडक्याचा क्रमांक आणि पुडक्यातला पानाचा क्रम अशी नोंद प्रत्येक प्रतिमेबरोबर ठेवतात. पाठकोरी पानेही टिपतात, कारण जोडावरचा शिक्का मागच्याच बाजूला असतो.